नंबर थांबवणारी लेन्स घेण्याआधी

आठव्या वर्षी माझ्या मुलीचा नंबर मायनस दीड होता, दहाव्या वर्षी तो सव्वातीनवर गेला. आम्हा नवराबायकोलाही जाड चष्मे, त्यामुळे "घराण्यातलंच आहे, वाढणारच" हे जो तो ऐकवायचा. अशात एका ऑप्टिकल दुकानात आम्हाला सांगण्यात आलं, की चष्मा सोडा, लेन्स लावा, नंबर आहे तिथे थांबतो. महिनाभर वापरायच्या लेन्सची जोडी, द्रावणाची बाटली आणि काउंटरवरच घाईघाईत शिकवणी. डोळ्यात थेंब घालून तपासणी नाही, डोळ्याची लांबी मोजणं नाही. पाण्याबद्दल तर अवाक्षरही नाही.

सुट्टीत ती लेन्स घालूनच पोहायला उतरली. दोन दिवसांत डावा डोळा लालबुंद झाला, पाणी गळू लागलं, खिडकीतला उजेडही तिला सोसेना. नेत्रतज्ज्ञांनी डोळ्यात पिवळा रंग सोडून निळ्या प्रकाशात पाहिलं आणि स्क्रीनवर मलाही दाखवलं: बुबुळाच्या कडेला हिरवट चमकणारा ठिपका. जंतुसंसर्गाने झालेली जखम. मग दिवसरात्र तासातासाला थेंब. झोपेत तिची पापणी उघडताना ती कण्हायची. जखम भरली, पण डाग राहिला. तो कडेला आहे म्हणून नजर वाचली. मधोमध असता तर जन्माचं अधूपण आलं असतं.

डॉक्टरांनी लेन्सचा खोका पाहिला आणि म्हणाले, "ताई, या साध्या लेन्स आहेत. यांनी दिसतं चष्म्यासारखंच, पण नंबर वाढायचा तो वाढतच राहतो."

हा फरक प्रत्येक आईबापाला ठाऊक हवा. मायनस नंबर वाढतो म्हणजे बहुतेक वेळा डोळा मागच्या बाजूने लांबत जातो. साधी काच किंवा लेन्स समोरचं चित्र डोळ्यातल्या पडद्याच्या मध्यावर नीट आणते, पण कडेच्या भागात ते पडद्याच्या मागे पडतं, आणि त्यामुळे डोळ्याला लांबण्याची चालना मिळते असं मानलं जातं. नंबर रोखण्यासाठीच्या लेन्समध्ये लांबचं पाहायला नेहमीचा नंबर असतो आणि त्याच्याभोवती वेगळ्या ताकदीची वलयं असतात. ती काही प्रकाश पडद्याच्या पुढे आणतात. मायसाइट नावाच्या, रोज नवी वापरायच्या अशा लेन्सला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१९ मध्ये मान्यता दिली, तीही ८ ते १२ वर्षांच्या वयात सुरू करण्यासाठी. तिच्या तीन वर्षांच्या अभ्यासात साधी लेन्स लावणाऱ्या मुलांच्या तुलनेत नंबर ५९ टक्के कमी वाढला होता. कमी वाढला, थांबला नव्हता. आणि चढलेला नंबर कोणतीही लेन्स उतरवत नाही. रात्री घालून झोपायच्या कडक लेन्सने दिवसा चष्म्याशिवाय दिसतं खरं, पण त्या सोडल्या की नंबर पुन्हा उभा राहतो.

मग एवढा खटाटोप कशासाठी? नंबर मायनस सहाच्या पुढे गेला, की पुढच्या आयुष्यात पडदा सुटणं, पडद्याचा मध्यभाग झिजणं, काचबिंदू यांचा धोका बराच वाढतो. लहानपणी वाचवलेला एकेक नंबर मोलाचा आहे. म्हणूनच एवढं सोसूनही मी लेन्सच्या विरोधात नाही. डोळा पूर्ण बरा झाल्यावर, नेत्रतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, आम्ही रोज टाकून द्यायच्या लेन्स सुरू केल्या. नंबर अजून वाढतो, पण सावकाश. दर सहा महिन्यांनी डोळ्याची लांबी यंत्रावर मोजतात, कारण खरा हिशेब तिथे कळतो.

घेणार असाल तर आधी मूल पाहा. ते स्वतःहून साबणाने हात धुतं का, कोरड्या पंच्याला पुसतं का, डोळा खुपला तर लपवत तर नाही? आमची मुलगी आता लेन्स बोटाच्या टोकावर धरून आडवी बघते. वाटीसारखी दिसली तर सुलट, कडा बशीसारख्या बाहेर वळल्या तर उलटी. खाली पडलेली लेन्स नळाखाली धुऊन लावायची नाही, सरळ फेकायची. अंघोळ, पोहणं, पावसात भिजणं, झोप, या सगळ्याआधी लेन्स काढायची. नळाच्या पाण्यातही असे सूक्ष्मजीव असतात, की बुबुळात शिरले तर महिनोन्‌महिने उपचार लागतात. सर्दीतापाच्या दिवशी चष्मा, त्यामुळे ताज्या नंबरचा चष्मा घरात हवाच. आणि मूल एवढं सांभाळणारं नसेल, किंवा रोजच्या लेन्सचा खर्च झेपणारा नसेल, तर कमी ताकदीच्या अट्रोपिनचे थेंब आहेत, नंबर रोखणाऱ्या चष्म्याच्या खास काचा आहेत. त्यांविषयी डॉक्टरांना खोदून विचारा. रोज दोन तास मोकळ्या उजेडात खेळणं तर फुकट आहे. नंबर लागण्याआधीच्या वयात त्याचा उपयोग सर्वांत जास्त, तेव्हा धाकट्या भावंडांनाही बाहेर पिटाळा.

लेन्स लावणाऱ्या मुलाचा डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना किंवा धूसर दिसू लागलं, तर लेन्स काढा, टाकू नका, डबीत घालून बरोबर घ्या आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. कपाटातले जुने थेंब घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर जखम आतल्या आत पसरते.