गुडघा बदलून त्याच दिवशी घरी?

प्रश्न : आईचं वय ६८, मधुमेह आहे. नांदेडला गुडघा बदलून संध्याकाळीच घरी सोडतील म्हणतात. चालेल का? – एक वाचक, नरसी नामदेव

उत्तर : निवडक, धडधाकट रुग्णांना चालतं, आईंच्या बाबतीत मात्र मी घाई करणार नाही. हृदयविकार, झोपेत श्वास अडकणं, रक्त कमी, साखर बेताबाहेर, यातलं काहीही असेल तर मुक्काम हवाच. साखर ताब्यात असली तरी नांदेड-नरसी रस्ता आहेच! पहिल्या रात्री भूल उतरते, कळा उसळतात, कधी लघवी अडते. तेव्हा नरसीत, कयाधू नदीकाठी सर्जन कुठून आणणार? एक-दोन रात्री तिथंच काढा. तोवर घरी कमोड बसवून घ्या, उंबऱ्यावरून वॉकर जातो का बघा. नंतर पोटरी सुजली तर लगेच दाखवा. धाप लागली तर १०८ लावा.