सांध्यातील कूर्चा आणि मूलपेशी : सल्ला देण्यापूर्वीचा विचार

गुडघ्याची क्ष-किरण चित्रे घेऊन येणारा रुग्ण हल्ली स्नेहन-स्वेदनापूर्वी स्टेम सेलच्या इंजेक्शनाविषयी विचारतो. कोणीतरी त्याला ‘नवीन कूर्चा तयार होईल’ असे सांगून मोठ्या खर्चाचा आकडा दिलेला असतो, आणि पैसे भरण्यापूर्वी त्याला आपल्या नेहमीच्या वैद्याचे मत हवे असते. ते देण्याइतकी माहिती आपल्याजवळ असावयास हवी.

सांध्यातील कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत, चेतातंतूही नाहीत. तिच्यातील विरळ पेशींचे पोषण सांध्यातील द्रवातून, हालचालीबरोबर झिरपून होते. अन्यत्र क्षत झाले की रक्त जमते, नव्या पेशी येतात व व्रणरोपण होते. कूर्चेत हा क्रम सुरूच होत नाही. नष्ट झालेली कूर्चा भरून येत नाही, हे विल्यम हंटर यांनी १७४३ सालीच नोंदविले होते. (सुश्रुतोक्त तरुणास्थी म्हणजेच ही कूर्चा, असे आपल्याकडे सरसकट म्हटले जाते. परंतु सुश्रुतांनी तरुणास्थींची स्थाने नाक, कान, ग्रीवा व अक्षिकोश ही सांगितली आहेत. संधीच्या संदर्भात श्लेषक कफाचा विचार अधिक उपयुक्त ठरतो.)

कूर्चेखालील अस्थीला सूक्ष्म छिद्रे पाडल्यास मज्जेतील रक्त व पेशी वर येऊन खड्डा भरतो. मात्र तो बहुतांशी तंतुमय कूर्चेने भरतो, मूळच्या गुळगुळीत व भारक्षम कूर्चेने नव्हे. १९९४ साली स्वीडनमधील ब्रिटबर्ग, पीटरसन व सहकाऱ्यांनी २३ रुग्णांच्या स्वतःच्या कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून गुडघ्यात रोपण केल्याचे प्रसिद्ध केले. या पद्धतीत निरोगी कूर्चेचा तुकडा काढावा लागतो. मूलपेशींचे आकर्षण येथूनच वाढले. त्या अस्थिमज्जेतून, मेदातून वा नाळेच्या रक्तातून मिळतात, आणि प्रयोगशाळेत त्यांच्यापासून कूर्चापेशी घडविता येतात.

प्रयोगशाळेत जे घडते ते गुडघ्यात घडतेच असे नाही. जपानमधील वाकितानी यांनी २००२ साली २४ गुडघ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी १२ गुडघ्यांत मज्जेतील वाढविलेल्या पेशींचे रोपण केले होते. दुर्बिणीतून व ऊतिपरीक्षेत ते सांधे सरस दिसले. रुग्णाच्या लक्षणांत मात्र दोन्ही गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे सुधारलेली प्रतिमा आणि कमी झालेली वेदना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कूर्चेला चेतातंतूच नसल्याने वेदना अस्थी, संधिकला इत्यादींतून येते, हे लक्षात घेतल्यास यात आश्चर्य वाटत नाही. १९९१ साली ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव रूढ करणारे अर्नोल्ड कॅप्लान यांनीच २०१७ साली ते बदलावे असे सुचविले. शरीरात सोडलेल्या या पेशी स्वतः नवी ऊती बनत नाहीत, तर स्रावांद्वारे आसपासच्या पेशींना प्रेरित करतात, असे त्यांचे म्हणणे.

२०२३ साली अमेरिकेतील सुमारे ४७५ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. मज्जा, मेद व नाळ या तीन स्रोतांतील पेशींच्या इंजेक्शनांची तुलना साध्या स्टेरॉइड इंजेक्शनाशी केली होती. वर्षअखेर वेदनेच्या बाबतीत कोणतेही सरस ठरले नाही, आणि एमआरआयमधील संधिझिजेच्या गुणांकनातही बदल दिसला नाही. जाहिरातीत हे वाचावयास मिळत नाही.

भारतात आयसीएमआर व जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी काही रक्तविकार वगळता मूलपेशींचा वापर चाचणीपुरता मर्यादित ठेवला. त्यानंतर २०२२ साली अस्थिमज्जेतील पेशींच्या एका उत्पादनाला गुडघ्याच्या संधिझिजेसाठी औषध महानियंत्रकांची मान्यता मिळाली. एका उत्पादनाची मान्यता प्रत्येक केंद्रातील इंजेक्शनाला लागू होत नाही. म्हणून पेशी कोठून घेतल्या, त्या वाढविल्या की तशाच टोचणार, मान्यतेचा वा चाचणी-नोंदणीचा क्रमांक कोणता, हे रुग्णाने लेखी मागावे.

साध्यासाध्य विचार येथेही करावाच लागतो. तरुण खेळाडूच्या गुडघ्यात आघाताने पडलेला एक मर्यादित खड्डा आणि साठीतील स्थूल व्यक्तीचा सर्व बाजूंनी झिजून वाकलेला गुडघा यांची तुलना होऊ शकत नाही. पहिल्याला पेशीरोपण करणाऱ्या अस्थिशल्यविदाकडे विनाविलंब पाठवावे. दुसऱ्याला या इंजेक्शनाने नवी कूर्चा मिळेल असा आधार आज नाही, हे स्पष्ट सांगून वजन घटविणे, मांडीच्या पुढील स्नायूंचा नियमित व्यायाम व संधिगत वाताची चिकित्सा सुरू ठेवावी. वाकलेपण वाढत असल्यास शस्त्रकर्माचे मत वेळीच घ्यावे.