लवळ्यातल्या संस्थेला सोशल मीडिया कितीला पडतो?

लवळ्यात संस्थांना तोटा नाही. टेकडीवर सिंबायोसिसचं संकुल आणि त्यांचं रुग्णालय, त्याच परिसरात फ्लेम विद्यापीठ, आणि या सगळ्यांच्या आसपास शाळा, वसतिगृहं, खानावळी, बचत गट, लहानमोठे ट्रस्ट. मोठ्या संस्थांकडे सोशल मीडियासाठी वेगळी माणसं असतात. हा लेख उरलेल्यांसाठी आहे. ज्यांच्याकडे या कामासाठी वर्षाला दहा-पंधरा हजार निघतात, फार तर लाखभर, आणि ज्यांच्या हातात कुणीतरी नुकतंच एक कोटेशन ठेवलं आहे.

ते कोटेशन आधी नीट वाचा. बहुतेक वेळा मजकूर असा असतो: ‘महिन्याला १२ पोस्ट, ४ रील, सणांच्या शुभेच्छा, पेज मॅनेजमेंट.’ एकट्यानं काम करणारा माणूस यासाठी साधारण ८ ते १५ हजार मागतो. एजन्सी २० हजारांपासून पुढे बोलते, वर १८ टक्के जीएसटी. आता त्या १२ पोस्टचा हिशेब मांडा. श्रावण लागला की नागपंचमी, राखी, स्वातंत्र्य दिन, गोकुळाष्टमी, पोळा, आणि पाठोपाठ गणपती. महिन्याची निम्मी यादी शुभेच्छांतच संपते. मधे तयार चित्र, कोपऱ्यात तुमचा लोगो. तेच चित्र पंचक्रोशीतल्या आणखी दहा पानांवर दिसतं. त्यानं प्रवेश वाढत नाहीत, गिऱ्हाईक येत नाही, देणगीदारही नाही. शुभेच्छा जरूर द्या, पण त्या मोफत ॲपवर पाच मिनिटांत होतात. त्यासाठी पैसे मोजू नका.

माझं म्हणणं सरळ आहे. पोस्टच्या संख्येवर पैसे देऊ नका, उत्तर देणाऱ्या माणसाच्या वेळेवर द्या.

रात्री नऊ वाजता एखादी आई शाळेच्या पानावर विचारते, ‘बस नांद्यापर्यंत येते का?’ तिला उत्तर तिसऱ्या दिवशी मिळालं, तर तोवर तिनं दुसरी शाळा पाहिलेली असते. रील कितीही देखणं असलं तरी हे नुकसान भरून निघत नाही. म्हणून कोटेशन घेण्याआधी फोन, व्हॉट्सॲप आणि पानावर गेल्या महिन्यात आलेले प्रश्न एका वहीत उतरवून काढा. फी किती, जागा आहे का, सूसकडून यायचं की पिरंगुटकडून, रविवारी चालू असतं का. तुमच्या पोस्टची यादी त्या वहीतच तयार आहे. रस्त्याचा प्रश्न वारंवार येत असेल, तर चांदणी चौकापासून दारापर्यंतचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढून पानाच्या सगळ्यात वर लावून ठेवा. खर्च शून्य.

मुळशीचा आंबेमोहोर विकणाऱ्या बचत गटाचं उदाहरण घ्या. विचारणारी बाई तांदळाचा इतिहास विचारत नाही. ती विचारते, ‘ताई, तांदूळ यंदाचाच आहे ना? पाणी किती घालू? घरपोच द्याल का?’ नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, जुन्याला जास्त. शहरातल्या पुष्कळ जणींना हे माहीत नसतं, मग भाताचा गोळा होतो आणि दोष तांदळाला जातो. गटातल्याच एखादीनं वाटीनं तांदूळ मोजून, त्याला लागेल तेवढंच पाणी दाखवून, कुकर उघडून वाफाळता मऊ भात दाखवला, आणि शेवटी किलोचा भाव व नंबर सांगितला, तर ते चाळीस सेकंद कोणत्याही चकचकीत जाहिरातीपेक्षा जास्त विक्री करतील. भाव लपवून ‘इनबॉक्स करा’ म्हणणं सोडून द्या. अर्धे लोक तिथेच निघून जातात.

आधी कामाची माहिती, मग प्रसिद्धी, हे आपल्याकडे पाणी फाउंडेशननं मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. २०१६ मध्ये वरुड, आंबेजोगाई आणि कोरेगाव या ३ तालुक्यांत वॉटर कप ही गावांची जलसंधारण स्पर्धा सुरू झाली, तेव्हा त्यांनी पाणलोटाची कामं शिकवणाऱ्या मराठी फिल्म केल्या. समतल चर कसा आखायचा, बांध कुठे घालायचा हे गावकऱ्याला पाहून कळावं, अशा. आमिर खानचं नाव पाठीशी होतं हे खरं, पण लोकांनी त्या फिल्म एकमेकांना पाठवल्या त्या उद्याच्या श्रमदानाला लागत होत्या म्हणून.

आता फुकट काय मिळतं ते पाहू. गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे आणि स्थानिक संस्थेनं पहिलं काम तेच करावं: नकाशावर खूण, वेळ, फोन, फोटो. ‘गूगलकडून बोलतोय, पहिल्या नंबरवर आणतो, इतके भरा’ असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे घेऊन तो क्रमांक गूगल विकत नाही. व्हॉट्सॲप बिझनेस ॲपही फुकट आहे. त्यात वस्तूंची यादी, ठरलेली झटपट उत्तरं आणि ‘आम्ही सकाळी नऊला उत्तर देऊ’ असा आपोआप जाणारा निरोप लावता येतो. ब्रॉडकास्टचा निरोप मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोचतो. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, त्यामुळे पालकांसाठी किंवा रुग्णांसाठी चॅनेल बरं. फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या निळ्या खुणेची मासिक वर्गणी तुमच्या नावानं बनावट पान निघालं असेल तरच विचारात घ्या.

सामानाला फार लागत नाही. फोन आहेच. तिपाई हजाराच्या आत-बाहेर, कॉलरला लावायचा माइक हजार-दीड हजार. आधी माइक घ्या. अंधूक चित्र लोक चालवून घेतात, न ऐकू येणारा आवाज नाही. गाणी युट्यूबच्या किंवा मेटाच्या (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीच्या) मोफत संग्रहातून घ्या. सिनेमाचं गाणं संस्थेच्या पानावर लावलं तर आवाज बंद होऊ शकतो किंवा व्हिडिओच काढून टाकला जाऊ शकतो.

जाहिरातीवर खर्च करा, पण मोजका. रोज ३०० रुपयांप्रमाणे ५ दिवस म्हणजे १,५००, जीएसटीसह १,७७०. ठिकाण निवडताना अख्खा महाराष्ट्र निवडू नका. नकाशावर लवळ्याची खूण ठेवून गरजेपुरतं वर्तुळ घ्या, आणि जाहिरातीवर बोट ठेवलं की थेट व्हॉट्सॲप उघडेल असा प्रकार निवडा. आयफोनवरच्या फेसबुक-इन्स्टाग्राम ॲपमधून पोस्ट ‘बूस्ट’ केली तर ॲपलचं ३० टक्के शुल्क वर बसू शकतं. तेच काम संगणकाच्या ब्राउझरवरून करा. पर्यावरणासारख्या सामाजिक विषयावरची जाहिरात असेल तर मेटा आधी ओळखपत्राची पडताळणी मागतं, तेव्हा कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी धावपळ नको. बिल संस्थेच्या नावानं निघालं पाहिजे. सचिवांच्या खाजगी कार्डवरून भरलेले पैसे ऑडिटच्या वेळी त्रास देतात.

नोंदणीकृत धर्मादाय ट्रस्टसाठी एक मोठी सोय पडून आहे. गूगलच्या ना-नफा संस्थांच्या योजनेत पात्र संस्थेला महिन्याला १०,००० डॉलरपर्यंतच्या शोध-जाहिराती विनामूल्य मिळतात, चित्रं तयार करायचं ॲप कॅनव्हाही पात्र संस्थांना फुकट मिळतं. गूगलच्या योजनेत शाळा, रुग्णालयं आणि सरकारी संस्था बसत नाहीत. कागदपत्रं जमवायला वेळ लागतो, पण तो घालवण्यासारखा आहे.

लवळ्याला आणखी एक फायदा आहे. सिंबायोसिसची माध्यम आणि संवाद शिकवणारी संस्था इथेच आहे. शिकणारी मुलं कामासाठी धडपडत असतात. त्यांना काम द्या, पण फुकट राबवू नका. प्रवासखर्च आणि विद्यावेतन लेखी ठरवा. आणि ती दोन महिन्यांनी जाणार हे धरूनच व्यवस्था लावा.

इथे मी सगळ्यात जास्त जोर देईन. पान कुणाच्या मालकीचं? फेसबुकचं पान कुणा मुलाच्या खाजगी खात्यावरून काढलेलं असतं, इन्स्टाग्रामला एजन्सीचा ईमेल असतो, जाहिरातीचं खातं तिसऱ्याचंच. करार संपतो, बिनसतं, आणि पाच वर्षांत जमवलेले लोक, फोटो, संवाद एका दिवसात हातचे जातात. परत मिळवायला महिने जातात, कधी मिळतही नाहीत. उपाय फुकट आहे. संस्थेचा स्वतःचा ईमेल आणि संस्थेचं सिमकार्ड वापरा. किमान दोन विश्वस्त पूर्ण अधिकारानं जोडा. बाहेरच्या माणसाला कामापुरताच प्रवेश द्या, पासवर्ड कधीच नाही. दोन टप्प्यांची पडताळणी चालू ठेवा. ‘कॉपीराइट भंग झाला, २४ तासांत पान बंद होईल, या लिंकवर जा’ असा निरोप आला तर लिंक उघडू नका, पान चोरण्याची ती नेहमीची पद्धत आहे.

कायद्याचं थोडक्यात. एखाद्या इन्फ्लुएन्सरला पैसे किंवा मोफत मुक्काम देऊन व्हिडिओ करून घेतलात तर ती जाहिरात आहे हे त्यानं स्पष्ट लिहिलं पाहिजे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मुलांचे फोटो आणि नावं टाकण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या. रुग्णाचा फोटो तर संमतीशिवाय नाहीच.

वर्षाचा हिशेब असा बसतो. बचत गटाला तिपाई-माइकचे २,५००, हंगामात चार वेळा जाहिरात ७,०८०, वेबसाइटच्या नावाचे हजारभर: १०,५८० रुपये. शाळेनं किंवा ट्रस्टनं घरच्याच एखाद्या कर्मचाऱ्याला रोज दोन तास या कामासाठी मोकळं करून महिन्याला ६,००० जादा दिले तर ७२,०००. त्यात सहा जाहिराती, कॅनव्हा फुकट मिळत नसेल तर त्याची वर्षाची वर्गणी चार हजारांच्या आसपास, सामान आणि वेबसाइटचं नाव धरून सगळं ९० हजारांच्या आसपास भागतं. महिना २० हजारांची एजन्सी जीएसटीसह वर्षाला २ लाख ८३ हजारांना पडते. तीही घ्यावी लागते कधी कधी, नवी शाखा किंवा मोठी देणगी मोहीम असेल तेव्हा. पण तीन महिन्यांसाठी घ्या आणि करारात ‘किती पोस्ट’ऐवजी ‘किती चौकशा आल्या, किती वेळात उत्तर दिलं’ हे लिहून घ्या.

नवा करार करण्याआधी आज एवढंच करा: तुमच्या पानाच्या सेटिंगमध्ये जाऊन पूर्ण अधिकार कुणाकुणाच्या नावावर आहेत ते पाहा. तिथे संस्थेतलं एकही नाव नसेल, तर पहिला खर्च आणि पहिला वेळ ते पान परत घेण्यात घाला.