मधुमेह एक, इन्सुलिनच्या तऱ्हा अनेक

शहापूर व मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. पावसाळ्यात भातशेती आणि सुगी सरल्यावर वीटभट्टीच्या कामासाठी स्थलांतर, असे येथील अनेक आदिवासी कुटुंबांचे वर्ष जाते. अशा कष्टकरी, सडपातळ माणसाला ‘साखरेचा आजार’ होत नाही, तो बसून खाणाऱ्या स्थूल शहरवासीयांचा रोग आहे, असा समज सर्वत्र आढळतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागातही ८.९ टक्के प्रौढांना मधुमेह आहे. म्हणूनच हा समज तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

इन्सुलिनचे कार्य

अन्नातून तयार झालेली साखर रक्तावाटे सर्व शरीरात फिरते. ती स्नायूंच्या व चरबीच्या पेशींत शिरण्यास आणि यकृतातून वाजवीपेक्षा अधिक साखर रक्तात न येण्यास इन्सुलिन कारणीभूत असते. हा स्राव स्वादुपिंडात तयार होतो. पाटाला पाणी असले तरी खाचराची मोरी उघडणारा माणूस हवा. रक्तातील साखरेच्या बाबतीत हे काम इन्सुलिनचे. मोरी उघडली नाही तर पाट तुडुंब वाहतो आणि पीक मात्र सुकते. मधुमेहात नेमके हेच घडते. परंतु मोरी बंद राहण्याची कारणे निरनिराळी असतात.

चार निरनिराळ्या अवस्था

पहिल्या प्रकारात शरीराची संरक्षक यंत्रणाच इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट करते. हा प्रकार बहुधा मुलांत व तरुणांत दिसतो. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम एका १४ वर्षांच्या मुलाला टोचण्यात आले. त्यापूर्वी असे मूल फार काळ जगत नसे. आजही या रुग्णाला इन्सुलिनवाचून तरणोपाय नाही.

दुसऱ्या प्रकारात इन्सुलिन असते, पण शरीर त्याला दाद देत नाही. यकृतात व पोटाभोवती साठलेली चरबी हे त्याचे एक मोठे कारण होय. स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन निर्माण करते आणि कालांतराने थकते.

गरोदरपणात वारेतून येणाऱ्या स्रावांमुळे इन्सुलिनचा प्रभाव तात्पुरता कमी होतो. प्रसूतीनंतर साखर बहुधा पूर्ववत होते; तथापि त्या मातेला पुढे मधुमेह होण्याचा संभव वाढतो.

चौथी अवस्था आदिवासी व दुष्काळी भागांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. जन्मापासून कुपोषित राहिलेल्या कृश तरुणांत इन्सुलिन शरीराला लागू पडते, मात्र ते फारच थोडे तयार होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली या मधुमेहाला स्वतंत्र स्थान दिले व १९९९ साली ते काढून घेतले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील रुग्णांवर झालेले व २०२२ साली प्रसिद्ध झालेले संशोधन हा वेगळेपणा दाखवून गेले. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने एप्रिल २०२५ मध्ये त्यास ‘पाचव्या प्रकारचा मधुमेह’ म्हणून मान्यता दिली. त्याच्या कारणांविषयी तज्ज्ञांत अद्याप एकमत नाही.

पुण्यातील संशोधनाचा बोध

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत माता व बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो होते. आपल्या बालकांचे स्नायू व अवयव लहान होते, पण त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला बारीक, पण चरबीने भरलेले हे शरीर पुढे अन्न वाढले व श्रम घटले की इन्सुलिनला लवकर दाद देईनासे होते. म्हणून नुसत्या बांध्यावरून निदान करता येत नाही.

सल्ल्यातील भेद

स्थूल रुग्णाला ‘वजन घटवा, भात कमी करा’ हा सल्ला उपकारक ठरतो. तोच सल्ला कृश, अर्धपोटी मजुराला दिला तर त्याची शक्ती आणखी खचेल. त्याला पुरेसे व प्रथिनयुक्त अन्न हवे. अन्नाची शाश्वती नसताना इन्सुलिनची मोठी मात्रा दिल्यास साखर एकाएकी उतरून प्राणही धोक्यात येतो. सिकलसेल किंवा तीव्र रक्तक्षय असलेल्या रुग्णाची तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी फसवी ठरू शकते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. अशा वेळी उपाशीपोटीची साखर पाहावी. १०० मिलिलिटर रक्तद्रवात ती १२६ मिलिग्रॅम वा अधिक असल्यास आणि फेरतपासणीतही तशीच आढळल्यास मधुमेह समजला जातो.

गावपातळीवरील कर्तव्य

असंसर्गजन्य रोग नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आशा कार्यकर्त्या ३० वर्षे व त्यावरील व्यक्तींची नोंद घेतात. पहिल्या व पाचव्या प्रकारचे पुष्कळ रुग्ण याहून लहान असतात. तेव्हा त्यांच्याकडे प्रथम लक्ष जाऊ शकते ते शिक्षकांचे आणि आश्रमशाळेच्या अधीक्षकांचे. सतत तहान, वरचेवर लघवी, मोठ्या वयात अंथरूण ओले होणे आणि खाऊनही वजन उतरणे ही लक्षणे दिसताच मुलाची साखर त्याच दिवशी तपासून घ्यावी. उलट्या, पोटदुखी व जोराचा श्वास सुरू झाल्यास तासाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. इन्सुलिन चालू असलेल्या मुलाचे औषध अंगारा, जडीबुटी वा अन्य कोणाच्या सांगण्यावरून एक दिवसही बंद करू नये. शीतकपाट नसलेल्या घरी कुपी पिशवीत घालून, ओल्या मातीच्या दुहेरी मडक्यात, पाणी न लागेल अशी ठेवता येते.

ग्रामपंचायतीने स्थलांतरापूर्वी मधुमेही रुग्णांची यादी आरोग्य उपकेंद्राकडून तपासून घ्यावी आणि प्रत्येकाजवळ उपचाराचे कार्ड व पुरेसे औषध आहे याची खात्री करावी. गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना राज्याच्या आदिवासी भागात २०१५ पासून आहे. अंगणवाडीत मातेच्या ताटात पडणारे हे अन्न तिच्या पोटातील बालकाचे स्वादुपिंडही घडवीत असते. ती पंगत एकही दिवस चुकू न देणे, हा मधुमेह प्रतिबंधाचाच भाग होय.