पाळीव उंदरांचा श्वसनविकार आणि वैद्याची मर्यादा

पाळीव उंदरास शिंका येतात, सितोपलादी चूर्ण किती द्यावे, अशी विचारणा झाल्यास वैद्याने व औषधविक्रेत्याने काय सांगावे?

या प्राण्यातील दीर्घकालीन श्वसनविकाराचे प्रमुख कारण मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा जीवाणू होय. शिंका, घरघर व वजन घटणे ही त्याची लक्षणे. नेत्र व नासिकेभोवतीचा तांबडा स्राव बहुधा रक्त नसून पॉर्फिरिनयुक्त असतो. तेवढ्यावरून रक्तपित्त म्हणू नये.

उंदीर वांती करू शकत नाही. त्यामुळे येथे वमन संभवत नाही, आणि अधिक दिलेले औषधही उलटून पडत नाही. प्रौढ उंदराचे वजन साधारण २५० ते ५०० ग्रॅम. परंतु त्याचा चयापचय शीघ्र असल्याने मानवी मात्रा केवळ वजनाने भागणे शास्त्रीय नव्हे. शिवाय सितोपलादीच्या ३१ भागांत १६ भाग खडीसाखर असते. तो नाकानेच श्वास घेतो. सबब कापूर, निलगिरी तेल व धूपन टाळावे.

निदानपरिवर्जन मात्र निःशंक सांगावे. मूत्रातील अमोनियाने विकार बळावतो. म्हणून पिंजरा स्वच्छ व हवेशीर ठेवावा, चीड-देवदाराचा भुसा वापरू नये.

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुचिकित्सा नोंदणीकृत पशुवैद्यकाचे कार्य आहे. श्वासकष्ट दिसताच रुग्ण त्यांच्याकडे पाठवावा. विलंब प्राणघातक ठरतो. गजांसाठी पालकाप्यांचा स्वतंत्र हस्त्यायुर्वेद आहे. मनुष्याची चिकित्सा प्राण्यास जशीच्या तशी लावू नये, हाच त्याचा बोध.