नोकरीतील शिदोरी

स्वकर्माने ईश्वराची पूजा करावी, असे गीतेचा अठरावा अध्याय सांगतो. मग स्वतंत्र धंद्याची आस धरणाऱ्या तरुणाने आजची नोकरी कशीबशी उरकावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यंत्ररेखाटनाचे शिक्षक होते. फावल्या वेळी त्यांनी यंत्रविद्या हस्तगत केली. मुंबईत सायकली घेऊन बेळगावी बंधू रामूअण्णांकडे पाठविल्या व धंदा जमविला. एतद्देशीय म्हणून बढती नाकारली गेली, तेव्हा राजीनामा देणारे हात रिकामे नव्हते. पुढे लोखंडी नांगर निघाले, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. आपल्या शेजारी देवासला त्याच नावाचा पंपांचा कारखाना आहे. तेथे उमेदवारी करणाऱ्या मुलांना ही हकिकत कोणी सांगितली असेल की नाही, कोण जाणे!