यंत्रांची नाडी कोणाच्या हाती?

बालरोगतज्ज्ञाने संगणकजाळ्यावर लेख लिहावा, हे स्मरणिकेच्या वाचकांना काहीसे विचित्र वाटेल. परंतु आज लहानशा प्रसूतिगृहातही स्विच, प्रिंटर, यूपीएस आणि रुग्णनोंदी साठविणारा सर्व्हर एकाच जाळ्यात जोडलेले असतात. वीज गेल्यावर नवजात अतिदक्षता विभागाचा यूपीएस किती मिनिटे तग धरील, हा प्रश्न केवळ वायरमनचा राहिलेला नाही.

या यंत्रांवर देखरेख ठेवणारा प्रोटोकॉल म्हणजे 'सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल', संक्षेपाने एसएनएमपी. तो १९८८ साली प्रथम प्रसिद्ध झाला. त्याची रचना समजण्यास सोपी आहे. प्रत्येक यंत्रात 'एजंट' नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो आणि एका मध्यवर्ती संगणकावर 'मॅनेजर' असतो. यंत्राला काय काय विचारता येईल, याची क्रमांकबद्ध सूची आधीच ठरलेली असते. तिला एमआयबी म्हणतात. यूपीएससाठीची अशी सूची १९९४ साली प्रसिद्ध झाली. बॅटरी आणखी किती मिनिटे पुरेल, याचा अंदाज सांगणारा रकाना तीत आहे. मॅनेजर ठराविक वेळाने प्रश्न विचारतो, एजंट उत्तर देतो. वॉर्डातील सिस्टरची फेरीच ही! याखेरीज काही बिघडल्यास एजंट आपणहून सूचना धाडतो. तिला 'ट्रॅप' म्हणतात; ती झाली रुग्णाच्या उशाजवळची घंटा. मात्र ही देखरेख यंत्रांची आहे. बाळाची नाडी पाहणे हे तिचे काम नव्हे.

घंटा असताना फेरी कशाला, असे कोणी विचारील. ट्रॅप पोहोचला की नाही, याची पोच एजंटला मिळत नाही. दुसऱ्या आवृत्तीत पोच मागणारी 'इन्फॉर्म' ही सूचना आली खरी. पण ज्या यंत्राची वीजच गेली, ते घंटा वाजविणार कसे? रडणाऱ्या मुलाआधी निपचित पडलेल्या मुलाकडे धावावे, हे आपण निवासी डॉक्टरांना पहिल्याच आठवड्यात शिकवितो. येथेही उत्तर न येणे हेच मोठे लक्षण मानावे.

खरी चिंता पुढेच आहे. हा प्रोटोकॉल केवळ विचारत नाही, तो आज्ञाही देतो. यूपीएसच्या त्याच सूचीत 'इतक्या सेकंदांनी वीजपुरवठा बंद कर' असे सांगण्याचा रकाना आहे. पहिल्या आवृत्तीत आणि दुसरीच्या प्रचलित रूपात ओळख पटविण्यासाठी केवळ 'कम्युनिटी स्ट्रिंग' हा एक परवलीचा शब्द असतो, आणि तोही तारेवरून उघडाच जातो. कित्येक यंत्रे तर कारखान्यातून येतानाच वाचण्यासाठी 'पब्लिक' आणि बदलण्यासाठी 'प्रायव्हेट' हे शब्द घेऊन येत. घराला कुलूप लावून किल्ली उंबऱ्यावर ठेवावी, तसलाच हा प्रकार.

२००२ साली पूर्ण मानकाचा दर्जा मिळालेल्या तिसऱ्या आवृत्तीने हे दुखणे मुळातून हाताळले. प्रत्येक वापरकर्त्याची स्वतंत्र ओळख पडताळली जाते आणि मजकूर सांकेतिक करता येतो. कोणी जुना संदेश टिपून नंतर पुन्हा पाठविला, तर १५० सेकंदांच्या मर्यादेबाहेर गेलेला तो संदेश नाकारला जातो. शिवाय सूचीचा कोणता भाग कोणी वाचावा आणि कोणता कोणी बदलावा, हेही ठरविता येते. केसपेपर अनेकांनी वाचावा, पण औषधाची मात्रा अधिकार असलेल्यानेच बदलावी, तसे.

तरीही केवळ आवृत्तीच्या क्रमांकावर विसंबू नये. आमच्या रुग्णालयाचे जाळे उभारणाऱ्या तंत्रज्ञाने "तिसरी आवृत्ती चालू आहे" असे सांगितले, तेव्हा मी सुरक्षेची पातळी विचारली. ती सर्वांत खालची निघाली, म्हणजे पडताळणीही नाही आणि सांकेतिकीकरणही नाही! या आवृत्तीत तशीही मुभा आहे. डॉक्टरमित्रांनी 'ऑथप्रिव्ह' ही पातळी आग्रहाने मागावी. पडताळणीस जुन्या एमडी५ ऐवजी एसएचए-२ आणि सांकेतिकीकरणास डीईएस ऐवजी एईएस घ्यावे.

जुन्या यंत्रांना तिसरी आवृत्ती ठाऊक नसते. ती लगेच भंगारात काढण्याचे कारण नाही. त्यांचे कारखान्यातील शब्द बदलावेत, बदल करण्याची मुभा बंद ठेवावी, मॅनेजरच्या एकाच पत्त्यावरून आलेले प्रश्न स्वीकारावेत आणि यूडीपीचे १६१ व १६२ हे पोर्ट बाहेरच्या इंटरनेटला कदापि उघडे ठेवू नयेत. ही देखरेख कोणती यंत्रे करतात, त्यांची यादी मात्र रुग्णालयाच्या कपाटात असावी; ती एकट्या तंत्रज्ञाच्या डोक्यात राहू नये.